परसदार बारमाही कसे होईल?

घराभोवती हातभर का होईना, मोकळी जागा असलेली कुटुंबे महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत. खेड्यांत तर आहेतच, पण तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या कडेच्या वसाहतींतही आहेत. या जागेचा उपयोग काय होतो तो मात्र पाहण्यासारखा असतो. एका कोपऱ्यात दुचाकी, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, मध्ये कपडे वाळत घालायची तार आणि उरलेल्या सगळ्या जमिनीवर सिमेंटचे ठोकळे. वर जमल्यास पत्रा. मे महिन्यातल्या संध्याकाळी सात वाजता घरातली सगळी माणसे पंख्याखाली घामाघूम होऊन बसलेली असतात आणि भिंतीपलीकडे, मोकळ्या हवेत, कोणीच नसते.

खरे म्हणजे नेमक्या त्याच वेळी बाहेर बसायला हवे. काँक्रीटच्या स्लॅबवर दुपारी पडलेले ऊन खालच्या खोलीत लगेच पोहोचत नाही. चार-सहा इंच जाडीतून उष्णता झिरपायला तीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारी दोनला वर पडलेली उष्णता आत येते ती संध्याकाळी सहाला, बाहेरची हवा निवू लागल्यावर! तेव्हापासून रात्री दहा-अकरापर्यंत घर बाहेरच्यापेक्षा गरम असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

तेव्हा प्रश्न असा, की ही मोकळी जागा वर्षाच्या बाराही महिन्यांत बसण्या-उठण्याजोगी करता येईल का? डिसेंबरात सकाळी उन्हाला बसता यावे, एप्रिलात संध्याकाळी अभ्यास करता यावा, मे महिन्यात रात्री झोपता यावे आणि जुलैत पाऊस पडत असताना बाहेर बसून शेंगा सोलता याव्यात. माझे उत्तर असे, की येईल. पण एकाच जागी नाही. प्रत्येक ऋतूची बसायची जागा निराळी असते आणि ती घराभोवती आधीपासूनच असते. आपण ती फक्त शोधून काढायची आणि मुख्य म्हणजे बिघडवायची नाही.

सूर्याची वाट

आधी उत्तर दिशा शोधा. त्यासाठी अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवा आणि दुपारी बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली बरोबर उत्तर-दक्षिण असते. ती बाराला पडणार नाही हे लक्षात असू द्या. आपले घड्याळ ८२½° पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालते आणि पुणे आहे जवळजवळ ७४° वर. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने पुण्यात सूर्याचे बारा वाजतात ते सरासरीने घड्याळात बारा वाजून चौतीस-पस्तीस मिनिटांनी.

आता सूर्य माध्यान्ही किती उंच असतो ते काढू. हिशेब सोपा आहे. ९० अंशांतून आपले अक्षांश वजा करा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असेल तर तितके अंश मिळवा, दक्षिणेस असेल तर वजा करा. पुण्याचे अक्षांश १८½° धरले तर २२ डिसेंबरला सूर्य क्षितिजापासून ४८° वर असतो आणि २१ मार्चला ७१½° वर. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो माध्यान्हीला आपल्या उत्तरेकडे असतो! २१ जूनला ऊन पडलेच तर तुमच्या मीटरभर काठीची सावली दक्षिणेला पडेल आणि ती नऊ सेंटिमीटरही भरणार नाही. नागपूरकरांना डिसेंबरात ४५½° चा सूर्य मिळतो, पणजीकरांना ५१° चा.

लंडनला मात्र डिसेंबरातला सूर्य माध्यान्हीलाही जेमतेम १५° वर चढतो. तेथे दहा फूट भिंतीची सावली सदतीस फूट लांब पडते, आपल्याकडे नऊ फूट. बागेच्या रचनेवरची जी परदेशी पुस्तके आपल्याकडे वाचली जातात, त्यांतील नकाशे त्या सूर्यासाठी काढलेले असतात. चित्रे सुंदर असतात, पण ती जशीच्या तशी उचलली तर आपली पंचाईत होते.

दक्षिणेची बाजू हिवाळ्याची

घराच्या दक्षिणेकडील भिंतीवर नऊ फूट उंचीवर तीन फूट रुंदीचा छज्जा आहे असे समजा. माध्यान्हीला त्याची सावली भिंतीवर किती खाली उतरेल? छज्जाच्या रुंदीला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅनने गुणायचे. डिसेंबरात ३ × टॅन ४८° म्हणजे सव्वातीन फूट. खालची पावणेसहा फूट भिंत उन्हात. मार्च अखेरीस ३ × टॅन ७१½° म्हणजे नऊ फूट. सगळी भिंत सावलीत! एकही वस्तू न हलवता तोच छज्जा थंडीत ऊन देतो आणि उन्हाळ्यात ते अडवतो. दहावीतला हा टॅन ज्या मुलाला निरर्थक वाटत असेल त्याने एकदा घराच्या मागे जाऊन ही सावली मोजावी.

म्हणून हिवाळ्यातले बसणे दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून. सकाळच्या उन्हासाठी त्यातल्या त्यात आग्नेय कोपरा उत्तम, कारण डिसेंबरात सूर्य पूर्वेला उगवतच नाही, पूर्वेच्या २५° दक्षिणेला उगवतो. सकाळी नऊला तो २३° वर असतो आणि आग्नेयेकडच्या दहा फूट उंच अडथळ्याची सावली चोवीस फूट आत येते. कुंपणाची भिंत उंच करण्याची हौस असेल तर ती आग्नेय दिशेला करू नये.

उन्हाळ्यात मात्र दक्षिणेची ही जागा भट्टी होते. सूर्य डोक्यावर असल्याने भिंत सावलीत असली तरी अंगण उन्हातच राहते. येथे परदेशी पुस्तक सांगते, की पानगळीचे झाड लावा. उन्हाळ्यात सावली देईल, हिवाळ्यात पाने गाळून ऊन आत सोडेल. सल्ला शहाणपणाचा आहे, पण आपली झाडे ते पुस्तक वाचत नाहीत. पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन तापू लागते तेव्हाच, निष्पर्ण असतात. सावरीचीही तीच गत. त्यांची पानगळ थंडीपासून वाचण्यासाठी नसून कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी आहे. कडुनिंब त्यातल्या त्यात समजूतदार. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो, पण एप्रिलपर्यंत पुन्हा गच्च भरतो.

यापेक्षा चांगली युक्ती आपल्या आजीपणज्यांना माहीत होती. बांबूचा मांडव आणि त्यावर भाजीचा वेल! जानेवारीच्या अखेरीस दुधी किंवा दोडका पेरला, की एप्रिलमध्ये मांडव भरतो. पावसाळ्याच्या तोंडाला जुना वेल काढून घोसाळी लावायची आणि दिवाळी झाली की वेल उतरवून मांडव मोकळा करायचा. पाने कधी यावीत आणि कधी गळावीत हे ज्यात आपण ठरवतो असे हे पानगळीचे झाड. शिवाय भाजी मिळते ती निराळी.

वेलाऐवजी पत्रा का नको, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. पत्रा पाऊस अडवतो हे खरे. पण रंग दिलेला किंवा गंजलेला पत्रा एप्रिलच्या दुपारी सहज साठ अंशांपर्यंत तापतो. असा पत्रा खालच्या बाजूला प्रत्येक चौरस मीटरमागे सातशे वॅटच्या आसपास अवरक्त प्रारण फेकतो, तर ३५ अंशांवरचे पान पाचशेच्या आसपास. हा पावणेदोनशे-दोनशे वॅटचा फरक पत्र्याखाली उभे राहिल्याबरोबर टाळूला कळतो. पान तापत नाही, कारण ते सतत पाणी बाहेर टाकत असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी वारा खेळतो.

पूर्वेची बाजू: संध्याकाळची आणि पावसाची

सूर्य पश्चिमेकडे कलला की घराची सावली पूर्वेकडे पडू लागते. एप्रिलच्या मध्यावर घड्याळात साडेचार-पावणेपाच वाजता सूर्य साधारण ३१½° वर असतो. दहा फूट उंचीच्या साध्या घराची सावली तेव्हा सोळा फूट लांब असते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळची बैठक म्हणून घराच्या पूर्वेला. दुपारी दोनपासून तेथली जमीन हळूहळू सावलीत येत जाते आणि सहापर्यंत तिला निवायला वेळ मिळतो.

पश्चिमेला याच्या बरोबर उलट. मे महिन्यात सूर्याचे चार वाजतात तेव्हा सपाट जमिनीवर सरळ उन्हाचा ५५ टक्के जोर पडतो, पण पश्चिमेच्या भिंतीवर ८२ टक्के. भिंत जमिनीच्या दीडपट ऊन खाते. ते अडवायला वरचे छप्परही उपयोगी पडत नाही, कारण साडेपाचला सूर्य २०° पर्यंत खाली आलेला असतो. नऊ फूट उंचीवर आठ फूट पुढे काढलेला पत्रा भिंतीवरचे वरचे तीन फूट ऊन अडवतो. खालचे सहा फूट ऊन बिनदिक्कत आत येते. पश्चिमेला आडवे नको, उभे हवे. ओळीने झाडे असतील तर फारच चांगले, आणि तीही बारमाही हिरवी. जागा असेल तर आंबा, पण घराच्या पायापासून पंधरा-वीस फूट दूर. जागा नसेल तर पेरू, लिंबू. झाड वाढेपर्यंत बांबूचा तट्ट्या. ज्यांच्या घराला मोकळी जागा पश्चिमेलाच आहे त्यांनी बाकी सगळे सोडून पहिल्या पावसात हे एक काम करावे.

पूर्वेच्या बाजूचा दुसरा गुण पावसाळ्यात कळतो. आपला मोसमी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वाराही तितक्याच वेगाचा, म्हणजे ताशी तेवीस-चोवीस किलोमीटरचा असला, तर पाऊस ४५° तिरपा होतो. असा वारा काही वादळ म्हणावे इतका मोठा नव्हे. आता पश्चिमेच्या पडवीची वळचण आठ फूट उंच असेल तर पाऊस आठ फूट आत येईल, म्हणजे आठ फुटी पडवी सगळी भिजली! वळचण पाच फुटांवर आणली तर तीन फूट कोरडे राहतात. भुरभुर पावसाचे थेंब लहान, त्यांचा वेग कमी. ते आणखी तिरपे येतात. कोकणातल्या जुन्या घरांची वळचण इतकी खाली का, की माणसाला वाकून आत जावे लागते, त्याचे उत्तर या त्रिकोणात आहे. तेथे पावसाळ्यापूर्वी वाऱ्याच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधतात तेही याचसाठी. घराच्या पूर्वेला घरच वाऱ्याला आडवे असते. तेथे सहा-सात फुटांची साधी पडवीदेखील पावसात कोरडी राहते. पत्रा घालायचाच असेल तर तो येथे घालावा. दुपारनंतर तो घराच्या सावलीत असतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत निवतो.

अंगणाच्या उताराकडे मात्र लक्ष हवे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या परसात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर पाच हजार लिटर पाणी जमा होते. ते घराच्या पायाकडे न जाता झाडांच्या आळ्यांकडे जाईल इतका, म्हणजे मीटरला निदान एक सेंटिमीटर, उतार असावा.

सडा: केव्हा आणि कोठे?

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडतात. त्याने गारवा येतो हे सर्वांना माहीत आहे. किती येतो हे मोजू. पुस्तकात पाण्याचा सुप्त उष्मा ग्रॅमला ५४० कॅलरी दिलेला असतो, पण तो १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा. तीस अंशांच्या आसपास तो ५८० कॅलरी असतो. चौरस मीटरला अर्धा लिटर पाणी शिंपडले तर ते वाळताना २,९०,००० कॅलरी उष्णता नेते. पाच सेंटिमीटर जाडीच्या फरशीचे एका चौरस मीटरचे वजन सुमारे १३५ किलो आणि दगडाचा विशिष्ट उष्मा ०.२. सगळी उष्णता फरशीतूनच गेली असे धरले तर फरशी दहा-अकरा अंशांनी निवेल. अर्ध्या लिटरला हे काम वाईट नाही. पण तेच पाणी ऊन असताना शिंपडले तर? भर उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॅटपर्यंत ऊर्जा पडते. अर्ध्या लिटरचा सगळा परिणाम ती वीस मिनिटांत पुसून टाकते. सडा घालायचा तो सावली आल्यानंतर.

आणि घालायचा तो घाटावर. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा किती खाली येतो, त्यावरून बाष्पीभवनाने मिळणाऱ्या गारव्याची मर्यादा कळते. हवा ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, आणि देशावर एप्रिलच्या दुपारी असे नेहमी असते, तर पारा २१ पर्यंत उतरतो. किनाऱ्यावर हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर तो २७½ वरच थांबतो. सतरा अंश आणि साडेपाच अंश! रत्नागिरीला सड्याने धूळ बसेल, गारवा फारसा यायचा नाही. तेथे वारा हवा. म्हणून कोकणातल्या अंगणात चारी बाजूंनी उघडा मांडव शोभतो आणि देशावर भिंतींनी वेढलेला वाडा. सोलापूरच्या माणसाने कोकणातले घर पाहून किंवा कोकणातल्या माणसाने वाडा पाहून त्याची नक्कल करू नये.

रात्रीचे आकाश

उन्हाळ्यातल्या रात्री झाडाखाली झोपावे की उघड्यावर? दिवसभर ज्याने सावली दिली तेच झाड रात्रीही गार असेल असे वाटते. प्रयोग करून पाहा. दोन सारखे तापमापक गवताच्या किंवा थर्मोकोलच्या पातळ थरावर ठेवा, एक झाडाखाली आणि एक उघड्यावर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचा पारा खाली असेल.

प्रत्येक वस्तू अवरक्त प्रारण बाहेर टाकते आणि भोवतालच्या वस्तूंकडून घेतेही. झाडाखालच्या बाजेला वरच्या पानांकडून जवळजवळ तितकेच परत मिळते. उघड्यावरच्या बाजेला वर फक्त आकाश असते, आणि हवा कोरडी असली तर आकाशाकडून परत फार थोडे येते. या व्यवहारात चौरस मीटरला पाऊणशे ते शंभर वॅट उष्णता निघून जाते. स्वस्थ पडलेले माणसाचे सगळे शरीर साधारण शंभर वॅटच उष्णता निर्माण करते, हे लक्षात घेतले म्हणजे या फुकटच्या पंख्याची किंमत कळेल. विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टराने लंडनजवळच्या एका बागेत लोकरीचे पुंजके ठेवून दवाचा अभ्यास केला आणि १८१४ साली तो प्रसिद्ध केला. पुंजक्यापासून आकाशाचा जितका भाग झाकला जाईल तितके दव कमी, असे त्याला आढळले. त्याच्याही आधी, १७७५ साली, सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची हकिगत लिहून पाठवली होती. उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांवर उथळ मातीच्या पराती मांडून त्यांत पाणी ओतायचे, आणि हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री, हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही, पहाटे बर्फ! त्यात बाष्पीभवनाचाही वाटा होता, पण मुख्य काम आकाशाचे. ताटे खालच्या जमिनीची उष्णता वर येऊ देत नसत.

हवेतली वाफ या पंख्याच्या आड येते. पुण्यात एप्रिलमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात सुमारे सतरा अंशांचा फरक पडतो, मुंबईत आठ-नऊ अंशांचा, त्याचे एक कारण हे आहे.

तेव्हा झोपण्याची जागा पूर्वेच्या पडवीबाहेर चार पावलांवर, उघड्या आकाशाखाली. जमीन दुपारपासून सावलीत राहिलेली. तेथे काँक्रीटचे ठोकळे नकोत. दिवसाची उष्णता कोरड्या मातीत पहिल्या नऊ-दहा सेंटिमीटरमध्येच बरीचशी अडते, दगड-काँक्रीटमध्ये ती सोळा-सतरा सेंटिमीटर खोल जाते. तेवढा साठा रात्रभर बाहेर येत राहतो. सारवलेली जमीन उत्तम, हिरवळही चांगली, आणि जमिनीपासून उचललेली सुंभाची बाज सर्वांत चांगली, कारण तिच्यातून खालूनही वारा लागतो. डासांवर पदार्थविज्ञानाकडे फारसा इलाज नाही. मच्छरदाणी लावावी, ती वारा थोडा अडवते, आकाशही थोडे अडवते, पण तेवढे सोसावे.

उत्तरेच्या बाजूबद्दल बोलायचे राहिले. हिवाळाभर तेथे घराची सावली असते, भिंतीला ओल धरते, आणि बसण्याजोगे दिवस थोडे मिळतात. पाण्याची टाकी, दुचाकी, सरपण, कपड्यांची तार हे सगळे तेथे न्यावे. अट एकच, की तार भिंतीपासून दूर असावी. डिसेंबरात बारा फूट घराची सावली भर दुपारी अकरा फूट पडते, आणि तिच्या आतले कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात.

जागा ठरवण्यापूर्वी निदान चार दिवसांच्या सावल्या तुमच्या स्वतःच्या परसात खडूने आखून घ्या: २२ डिसेंबर, २१ मार्च, शून्य सावलीचा दिवस आणि २३ सप्टेंबर. प्रत्येक दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार या वेळा पुरेत. वर दिलेले सगळे आकडे मोकळ्या मैदानातल्या घराचे आहेत. शेजाऱ्याची दुमजली भिंत त्यांत धरलेली नाही. ती कोठे आड येते हे सावल्याच दाखवतील. नकाशा चौकटीच्या कागदावर काढा, एक चौकट एक फूट. एका वर्गातल्या चार-पाच मुलांनी आपापल्या घराचे असे नकाशे काढून एकमेकांशी ताडून पाहिले, तर एकाच गावात, एकाच सूर्याखाली बसायच्या जागा किती निरनिराळ्या निघतात ते दिसेल.